‘द प्रिझनर’ पुन्हा बघितली : शेवटचा भाग ही शुद्ध फसवणूक!

टिळकवाडीकर
(शेवट फोडतोय, आधीच सांगतो.) १९६७-६८ मधली ही १७ भागांची ब्रिटिश मालिका ब्लू-रेवर परत बघून काढली. एक गुप्तहेर तडकाफडकी राजीनामा देतो, त्याला बेशुद्ध करून एका गोजिरवाण्या गावात आणून टाकतात, नाव काढून घेतात आणि ‘सहा नंबर’ करतात. राजीनामा का दिलास, एवढंच सगळे विचारतात. आणि गाव चालवणारा ‘एक नंबर’ कोण, हे आपण विचारत बसतो. शेवटी हातात काय? मुखवट्याखाली माकडाचा मुखवटा, त्याखाली नायकाचाच चेहरा, आणि बीटल्सच्या गाण्यावर मशीनगनचा धडधडाट! नायकाचं काम करणाऱ्या पॅट्रिक मॅगूहनने हा भाग स्वतः लिहिला, स्वतःच दिग्दर्शित केला. त्याला शेवट सुचलाच नव्हता, हे माझं मत. तेव्हाचे ब्रिटिश प्रेक्षकही खवळले होतेच की.

खानापूरचा मास्तर
गाव कोण चालवतंय हे सांगून टाकलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही मालिका विसरला असता. पहिल्या भागातलं दुकान आठवा. हा नकाशा मागतो. मिळतो तो फक्त त्याच गावाचा, भोवती डोंगर आणि समुद्र. मोठा मागितला तर मोठा, रंगीत, पण तोच! बाहेरच्या मुलखाचे नकाशे ठेवत नाहीत, गिऱ्हाईकच नाही म्हणे. आपल्या बेळगाव सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल आला १९६७ च्या ऑगस्टात आणि ही मालिका सुरू झाली सप्टेंबरात. योगायोगच, पण नकाशाचा प्रश्न लोंबकळत ठेवून जगणं आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. सुप्रीम कोर्टातला दावासुद्धा २००४ पासून चालूच आहे.

निपाणीची
मास्तर, ताटात कुंदा वाढला तरी तुम्ही त्यात सीमाप्रश्न शोधाल! शेवट राहू द्या, चित्र बघा. मालिका ३५ मिमी फिल्मवर घेतलेली, म्हणून ब्लू-रेवर इतकी लख्ख दिसते. वेल्समधल्या पोर्टमेरियनचे रंगीत घुमट, पट्टेरी छत्र्या, सगळं. तोटा एवढाच की स्टुडिओतला पडदाही लगेच कळतो. पण पळणाऱ्यांना अडवणारा तो पांढरा गोळा! खरं तर चाकांवरचं यंत्र करायचं होतं, ते चाललं नाही म्हणून हवामान खात्याचा फुगा आणला. तोंडावर ते रबर ताणलं जातं आणि आतून किंचाळणारा चेहरा उमटतो. धुरकट प्रिंटमध्ये मला ते कधी दिसलंच नव्हतं.

शहापूरकर
काय सांगुलास टिळकवाडीकरा! निवडणुकीचा भाग झोपेत बघितलास काय? हा उभा राहतो म्हणायचा अवकाश, गर्दीच्या हातात याच्या फोटोचे फलक तयार! निवडून येतो, खुर्चीत बसतो, लोकांना ‘तुम्ही मोकळे’ म्हणून ओरडतो, तर कुणी ढुंकून बघत नाही. ‘एक नंबर’च्या मुखवट्याखाली याचंच तोंड निघणार, हे तिथंच सांगितलंय की.

टिळकवाडीकर
निवडणुकीचा मुद्दा बरा आहे. पण तो काउबॉयचा भाग? आणि मॅगूहन सिनेमाच्या शूटिंगला गेला म्हणून नायकाचं मन नायजेल स्टॉकच्या अंगात घातलं, त्याचं काय? मॅगूहनला स्वतःला ७ च भाग पुरेसे वाटत होते. बाकीची निव्वळ भरती!

खानापूरचा मास्तर
भरतीच ती, त्यावर वाद नाही. पण ती मधल्या भागांत आहे आणि तुमचं भांडण शेवटाशी. एकाची शिक्षा दुसऱ्याला कशाला?