घरचं ताट आणि त्याचा फोटो : अनुभव धागा

गोदाकाठची
काल सटाण्याहून जाऊबाईंनी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) मांड्यांचा फोटो पाठवला आणि सासूबाईंचा जुना फोटो आठवला. रोलच्या कॅमेऱ्यातला. 36 फोटोंचा तो रोल लग्नामुंजीला, देवदर्शनाला पुरवून वापरायचा, स्वयंपाकघरात कॅमेरा न्यायची पद्धतच नव्हती. सासऱ्यांनी मात्र त्या दिवशी परसातल्या चुलीपाशी उभं राहून एक फोटो काढला. पालथं खापर, खाली धग, आणि सासूबाईंच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पसरलेली पुरणाची पोळी, इतकी पातळ की पलीकडचा जाळ दिसतोय. चेहरा अर्धाच आलाय. हात मात्र पूर्ण आलेत. मनगट कुठे वळलंय, पोळीचा भार कुठे घेतलाय, हे कोणत्याही लिहिलेल्या कृतीत सापडत नाही. मी मांडे शिकले ते त्या फोटोवरून.

म्हणून माझं सगळ्यांना सांगणं आहे, ताटाचा फोटो काढाच, पण करणाऱ्या हातांचाही काढा. तुमच्या घरचे असे पदार्थ आणि फोटो असतील तर लिहा. पदार्थ साधा असला तरी चालेल.

सिन्नरकर
मांडे आणि आमरस!! दुपारी बाराला हे वाचायला नको होतं. बाकीचं जेवून लिहितो.

नागलीभाकर
सुरगाण्याकडे शाळेत शिकवते. 2023 हे भरडधान्य वर्ष होतं, तेव्हा मुलांनी घरून नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पदार्थ आणले होते. भाकरी, पापड, लाडू, आंबील. फोटो काढायला गेलो तर भाकरी काळपट, खाली तवा काळा, सगळा अंधारच. एका मुलीने भाकरी उचलून पळसाच्या पानावर ठेवली, शेजारी लाल मिरचीचा ठेचा, आणि सरळ दाराशी नेली. दारातून आडवा उजेड आला आणि भाकरीवरची एकेक भेग, तिच्या आईच्या बोटांचे ठसे, सगळं उठून दिसलं. तो फोटो अजून वर्गात लावलेला आहे. त्या मुलीला कुणी काही शिकवलं नव्हतं हो.

ओझरवासी
द्राक्षांबद्दल बोलू का? बाग आहे आमचा. पाहुणे आले की फोटोसाठी घड पुसून चकचकीत करतात, जीव तुटतो. तो पांढरट थर म्हणजे द्राक्षाचं स्वतःचं मेण असतं, मण्यातलं पाणी त्याने टिकतं. खाताना धुवून खा, फोटो मात्र थरासकट काढा. काळ्या द्राक्षांवर तर तो फार देखणा दिसतो. आणि घरात आईची द्राक्षाची कोशिंबीर. मणी अर्धे चिरून, दही, दाण्याचं कूट, वरून हिंग-जिऱ्याची फोडणी. पितळी वाटीत वाढते.

सिन्नरकर
जेवलो. ओझरवासी, यंदा माल कसा होता?

ओझरवासी
माल चांगला होता दादा, भावाचं विचारू नका.

तर्रीवाली
आमच्याकडे रविवारी घरची मिसळ. दही, भाजलेला पापड, कांदा-लिंबू सगळं मांडून फोटो काढायचा हा माझा नेम आहे. एक सांगते, फ्लॅश अजिबात नको, तर्रीवर पांढरा डाग पडतो. वाटी खिडकीपाशी ठेवा, उजेड पाठीमागून येऊ द्या, मग वाफसुद्धा दिसते. आमचे हे म्हणतात, वाफ जायच्या आत पाव दे.

मृगाचापाऊस
दादा बरोबर बोलतात 😄 ताई, मसाला कोणता घालता?

तर्रीवाली
घरचा काळा. मे महिन्यात डंकावर कांडून आणते. धने, खोबरं, दगडफूल आणि वाळवून तळलेला कांदा. दगडफुलात हात आखडू नका.

अंगणवाळवण
गोदाकाठच्या काकूंचं वाचून डोळे भरले. आई मागच्या वर्षी गेली. फोनमध्ये तिच्या पदार्थांचे भरपूर फोटो आहेत, आणि कुरडयांच्या दिवसाचा एकच व्हिडिओ. गहू भिजवून काढलेला चीक ती पातेल्यात ढवळतेय. पडद्यावर फक्त तिचा हात आणि लाकडी उलथणं. आणि आवाज, "अगं हात थांबवू नको, गुठळी होईल." यंदा मी आणि बहिणीने तो व्हिडिओ लावून कुरडया घातल्या. पहिला वाटीभर चीक तूप-मीठ घालून तिच्या फोटोपुढे ठेवला.

गोदाकाठची
बाळा, काय लिहू. तो व्हिडिओ दोन-तीन ठिकाणी साठवून ठेव, फोनवर विसंबू नको. आणि बहिणीला सांग, पुढच्या वर्षी तुझे हात टिपायला.

नागलीभाकर
❤️ चीक! सोऱ्याची वाट न बघता आम्ही निम्मा पातेल्यातच संपवायचो.

त्र्यंबकरोड
थोडं अवांतर. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकचे, जन्म 1870. पहिला मोठा चित्रपट काढण्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, रोज थोडं थोडं चित्रण करून रोपाची वाढ टिपली आणि ती छोटी फिल्म दाखवून भांडवल उभं केलं. नातवाला हे सांगितलं, तर पठ्ठ्याने ओल्या फडक्यातल्या मटकीपुढे फोन उभा केला. दर अर्ध्या तासाने फोटो. सकाळी सगळे जोडून दाखवले, मोड वळवळत बाहेर येताना दिसतात. तीच मटकी मग मिसळीत.

तर्रीवाली
काका, हे मस्तच! नातवाला सांगा, पुढच्या रविवारी आमच्याकडे ये.

मृगाचापाऊस
खापर कुठे मिळेल? सिडकोत कुणालाच माहीत नाही.

गोदाकाठची
आखाजीच्या आधी कुंभारांकडे घागरींबरोबर खापरंही येतात, विचारून बघ. नवं खापर आधी मंद आचेवर तापव, एकदम धग लावलीस तर तडकेल.

लेकुरवाळी
मुलगी झोपलीय तोवर लिहिते. दिव्यांच्या अमावास्येला कणकेचे गोड दिवे करतो. मुलगी पाच वर्षांची, तिने यंदा स्वतः वळले. एक वाकडा, एकाला शेपूट, तिच्या मते तो उंदीर. सासूबाई म्हणाल्या सगळे लावायचे, वाकडासुद्धा. घरातले दिवे मालवून उजळलेल्या ताटाचा फोटो काढला. तिचा चेहरा त्यात सोनेरी आलाय. मग वाती काढून तुपात बुडवून खाल्ले, उंदीर तिने आजोबांना दिला.

सिन्नरकर
आजोबांचं भाग्य! पण ताई, प्रमाण द्या की. आमचे दरवर्षी चिरतात.

लेकुरवाळी
दादा, दोन वाट्या कणकेला पाऊण वाटी गूळ, थोड्या कोमट पाण्यात विरघळवून गाळून. तुपाचं मोहन घाला, पुरीपेक्षा घट्ट भिजवा आणि झाकून ठेवा. वळताना बोटाला तूप लावा. पंधरा मिनिटं वाफ पुरते. उठली ही, बाकीचं रात्री.