धाकटं आलं, थोरल्याचं काय झालं?

अंबाजोगाई, धागा काढणारी

आज बाळाचा नववा दिवस. चर्चेचा हा धागा एका हातानं टाइप करतेय, चुका पोटात घाला.

थोरली साडेतीन वर्षांची. परवा शेगडी विझवून बाजूला सारली होती, तर ही बाजेखाली त्या जागेवर आडवी पडलेली, कानाला माझा रुमाल बांधून. "काय गं, इथं काय करतीस?" तर म्हणे, "मी बाळंतीण हाय. मला अळीवाची खीर द्या." सगळे हसले. मीही हसले, टाके ओढले जाईपर्यंत. मग सासूबाई म्हणाल्या, "उठ बाई, आता तू ताई झालीस." ती उठली आणि जी गप्प झाली ती झालीच. रात्री अंथरूण ओलं केलं. वर्षभरात एकदाही केलं नव्हतं.

पहिल्या खेपेला माहेरी गेले होते. या वेळी मुद्दाम सासरीच राहिले, म्हटलं पोरीचं घर सुटायला नको. घर सुटलं नाही, खोली सुटली. वारं लागतं म्हणून दार दिवसभर लोटलेलं, आणि ती दाराच्या पलीकडं.

बाळाला काय पाजायचं, टाळू कशी भरायची, गुटीत वेखंडाचे किती वेढे द्यायचे, हे सांगायला येणारी-जाणारी प्रत्येक बाई तयार आहे. थोरलीचं काय करायचं ते कुणी सांगत नाही. तुमच्या घरी काय झालं ते लिहा. सल्ला नको, घडलेलं लिहा.

लातूर, दोन मुलांची आई

आमचा धाकटा २०१६ च्या मार्चमधला. लातूरकरांना वेगळं सांगायला नको. त्या मार्चात पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लागली होती. नळ कोरडे, टँकरची पाळी येईल तेव्हा येईल. आणि घरात तान्हं, म्हणजे दिवसाला पंधरा-वीस लंगोट. डायपर फक्त रात्री, कारण त्या उन्हात दिवसा घातला की पुरळ ठरलेलं.

थोरला पाच वर्षांचा. त्याची अंघोळ तिसऱ्या दिवशी, तीसुद्धा ओल्या फडक्यानं. बाळाची रोज. न्हाऊ घालणाऱ्या मावशी आल्या की हा मोरीच्या उंबऱ्यावर बसून तांबे मोजायचा. "आज त्याला सात. मला एक पण नाही." त्याचा बाळावर राग नव्हता, तांब्यांवर होता. आणि हिशोब अगदी बरोबर होता, त्यामुळे मला उत्तर सुचायचं नाही.

तोडगा मावशींनी काढला. पायावर बाळ आणि पायांखाली मोठी परात. परातीत साठलेलं कोमट पाणी थोरल्याच्या अंगावर, त्याच्या अंगावरचं घमेल्यात, घमेल्यातलं लंगोटांच्या पहिल्या खळबळीला, तिथून संडासाला. एकाच पाण्यानं चार जन्म घ्यायचे. परातीवर हक्क थोरल्याचा. कुणी हात लावला तर घर डोक्यावर घ्यायचा.

१२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, पाच लाख लिटर घेऊन. यांनी त्याला खांद्यावर बसवून स्टेशनाकडं नेलं. गर्दीत पाण्याचा एक डबा तेवढा दिसला म्हणे. घरी येऊन पाळण्यात वाकून बाळाला सांगत होता, "आता तुझं पाणी तुला, माझं मला."

हिंगोली, बाप

सिझर झालं, बायको पाच दिवस दवाखान्यात. थोरलीच्या वेण्या मी घातल्या. पहिल्या दिवशी शाळेतल्या बाईंनी त्या सोडून पुन्हा घातल्या. चौथ्या दिवशी सोडल्या नाहीत. बास, एवढंच सांगायचं होतं.

औसा तालुका (आजी सांगतेय, नात लिहितेय)

माझा धाकटा बावीस दिवसांचा होता तवा भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटं चारला चार-पाच मिनिटं कमी. गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. मी बाळंतीण, म्हणून आतल्या खोलीत. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद. थंडगार घर म्हणून आम्हाला त्याचा अभिमान होता.

सासऱ्यांनी मला बाजेवरून ओढून बाहेर काढलं असं सगळे सांगतात. मला ते आठवत नाही. पदराखाली तान्हं धरून मी अंगणात उभी हाय आणि थोरला कुठं हाय ते मला ठाऊक नाही, एवढंच आठवतं. तीन वर्सांचा होता. धाकटा झाल्यापासून आजीपाशी झोपायचा, पलीकडच्या खणात. थोड्या वेळानं सासूबाई बाहेर आल्या, कडेवर तो. दोघांच्या केसांत, भुवयांत माती. रडत नव्हता. आमच्या घराचं एक अंग पडलं, माणसं वाचली. किल्लारीकडं काय झालं ते उजाडल्यावर कळत गेलं.

मग पाऊस लागला. ताडपत्रीखाली दिवस काढले. ना शेगडी, ना धुरी, ना लोटायला दार. वारं लागतं म्हणता? ह्या लेकराला पहिल्या महिन्यात वाऱ्याबिगर दुसरं काही लागलंच नाही. आज शंभर किलोचं पोतं उचलतोय.

थोरला मात्र छपराखाली झोपंना. पत्र्याच्या शेडात गेलो तरी रात्री उठून बाहेर जायचा. मग मी तान्ह्याला घेऊन आत, त्याचे वडील त्याला घेऊन बाहेर, असं दोन वर्सं चाललं. बाप-लेकाची गट्टी तिथं जमली. आजही काही झालं की तो बापाला सांगतो, मला नंतर कळतं.

त्या पहाटं मी अंगणात एकाच लेकराच्या नावानं वरडत होते. तान्हं तर पदरातच होतं, मग थोरल्याच्याच नावानं वरडत असणार, व्हय ना? तसंच असणार. पण मला आठवत नाही. आणि त्यानं कधी इचारलं नाही.

(इथं आजी थांबली. चहा मागितला. — नात)

धाराशिव

आमच्याकडं काहीच झालं नाही बुवा. वाड्यात चुलत भावंडं मिळून आठ. सातवं की आठवं आलं हे थोरलीला कळलंसुद्धा नसेल. येळवशीला (वेळ अमावास्येला) शेतात कडब्याच्या कोपीपुढं पंगत बसली, भज्जी-अंबील वाढली की आम्ही डोकी मोजतो, तेव्हा कळतं एखादं घरीच राहिलंय. (एकदा खरंच राहिलं होतं. माझंच.)

बीड जिल्हा, अंगणवाडी सेविका

सल्ला नको म्हणालात, तर मी वजनं सांगते. दर महिन्याला लेकरं तराजूत बसवते. घरात धाकटं झालं की काही महिन्यांत थोरल्याची रेघ तक्त्यावर आडवी होते, कधी खाली वळते. गावात म्हणतात, लेकरू झुरणीला लागलं. झुरणी मनाची असतेच, पण ताटाचीही असते. दीड-दोन वर्सांचं लेकरू आईच्या अंगावर पीत असतं. पुन्हा दिवस गेले की ते एकदम तोडतात. मग दुधात भाकर कुस्करून घास भरवायला कुणी बसत नाही. "आपल्या हातानं खा, मोठा झालास." तो अर्धी सांडतो, अर्धी कोंबड्यांना घालतो, आणि ताट रिकामं दिसलं की घरच्यांना वाटतं जेवला. म्हणून मी बाळंतिणीकडं गेले की आधी थोरल्याला समोर बसवून खाऊ घालायला लावते. बाळ काय, त्याला सगळेच बघतात.

दुसरं सांगायचं म्हणजे, आमच्याकडची बरीच घरं दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली, ती लग्नात नाहीतर दवाखान्यात गेलेली. त्यामुळं आताच बाळंत झालेय म्हणून थांबते, असं बाईला म्हणता येत नाही. तान्हं ट्रॅक्टरवर सोबत जातं. थोरली आठ-नऊ वर्सांची असली की तीही जाते, कारण फडाच्या कडेला झोळी हलवायला कुणीतरी लागतं. शाळेत हंगामी वसतिगृह असतं, पोरांना मागं ठेवता येतं. मी दरसाल घरोघरी सांगत हिंडते. पोरगा राहतो. पोरगी जाते.

मागच्या उन्हाळ्यात अशीच एक परत आली. मला म्हणाली, "बाई, बाळाचा पहिला दात मी बघितला. आईला संध्याकाळी दाखवला."

उदगीर, प्रसूती वॉर्डातली सिस्टर

माझ्याच घरातलं. थोरल्यानं लाडानं दीड महिन्याच्या बाळाच्या ओठावर भाजका शेंगदाणा ठेवला होता. वाटून खाण्याची सवय आम्हीच लावलेली, त्याला बोलणार काय! मी वेळेत बघितला. श्वासनलिकेत गेला असता तर पुढचं लिहीत बसले नसते. तेव्हापासून घरात शेंगदाणे फळीवर. वॉर्डात मी थोरल्या लेकरांना बाहेर काढत नाही, साबणानं हात धुवायला लावते आणि बाळाचे पाय धरायला देते. सर्दी-खोकला असेल तर लांबून बघायचं. आणि मध चाटवायचा नाही, वर्षाच्या आत अजिबात नाही. थोरल्याच्या हातूनही नाही, आत्याच्या हातूनही नाही. मे महिना असला तरी सहा महिने वरचं पाणीसुद्धा नाही, आईच्या दुधात पाणी असतंच. (सल्ला झाला. माफ करा, नोकरीची सवय.)

नांदेड, शिक्षिका

हे पहिल्यांदाच कुठंतरी लिहितेय. धाकटी झाली तेव्हा थोरला चार वर्षांचा. तिसऱ्या आठवड्यात त्यानं पाळण्याला जोरात झोका दिला म्हणून मी त्याला मारलं. एकदा नाही मारलं. वर्गात मी चाळीस पोरांवर कधी हात उगारलेला नाही. मग मला रडू थांबेना, आणि बाळ रडलं की उठावंसंच वाटेना. घरच्यांना वाटलं दृष्ट. मिरच्या-मोहऱ्या उतरवून जाळल्या. ठसका आला नाही, म्हणजे दृष्ट जबर, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरवली. आईनं डिंकाचे लाडू वाढवले. प्रेमानंच केलं सगळं.

दीड महिन्याच्या लशीला गेलो तेव्हा तिथल्या सिस्टरनं बाळाआधी माझ्याकडं बघितलं. विचारलं, "बाळ झोपल्यावर तरी तुम्हाला झोप लागते का?" मी नाही म्हणाले आणि तिथंच बाकावर बसले. तिनं मानसोपचाराच्या ओपीडीची चिठ्ठी दिली. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येतंच, पण दोन आठवडे उलटूनही उतरत नसेल तर तो आजार असतो, हे मला तिथं कळलं. अंगावर पाजताना चालतात अशी औषधं असतात, हेही. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मला तेव्हा ठाऊक असता तर त्या तिसऱ्या आठवड्यातच लावला असता.

थोरल्याला मी नंतर सॉरी म्हणाले. तो म्हणाला, "कशाबद्दल?" खरंच विसरला होता की नाही, ते कळायला मार्ग नाही.

परभणी

आमच्या घरात छट्टीला पाहुण्या बायका जमल्या. बाळ कुणाच्या मांडीवर द्यायच्या आधी माझ्या नानीनं मोठ्याला नवा कुर्ता घालून मधोमध बसवलं, बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं आणि सगळ्यांना बजावलं, "याला विचारून घ्यायचं." पाच वर्षांचं पोरगं. दोघींना त्यानं चक्क नाही म्हटलं. त्यातली एक माझी सासू होती. चिल्ला, म्हणजे चाळीस दिवस, होईपर्यंत तो विषय घरात पुरला.

जालना

मी स्वतः थोरला, तेव्हा दुसऱ्या बाजूनं लिहितो. वडील स्टीलच्या कारखान्यात शिफ्टला. बहीण आठव्या महिन्यात झाली, दीड किलोची. आधी काचेच्या पेटीत, मग घरी आणल्यावर आई आणि वडील आळीपाळीनं तिला उघड्या छातीशी बांधून बसायचे. माझ्याकडं बघायला कुणाचे हात मोकळे नव्हते. मला भोकरदन तालुक्यात आजोळी धाडलं, "आठ दिवसांसाठी". सव्वा वर्ष राहिलो. तिथं वाईट काहीच नव्हतं. गोठ्यात वासरू, मामासोबत शेत, आजीच्या हातची गरम भाकर. आई न्यायला आली तेव्हा मी आजीला माय म्हणत होतो आणि आईला मावशी म्हणालो. आजी हसली. आई हसली नाही.

लेकरं विसरतात म्हणतात. खरं आहे. मी आईला विसरलो होतो.

आईनं मला न्यायचं नावच काढलं नाही. तिथंच राहिली. बहिणीला आजीच्या मांडीवर दिलं आणि माझ्यासोबत वासराला चारा घालत बसली. तीन दिवस. चौथ्या दिवशी कपड्यांची पिशवी मीच आणून तिच्यापुढं ठेवली.

अंबाजोगाई, धागा काढणारी

सगळं वाचलं, काही रडत, काही रात्री दोनला पाजताना. औशाच्या आजींना नमस्कार सांगा. दार आता दुपारी उघडं असतं. सासूबाई वाऱ्याचं नाव काढतात, मी भूकंपाचं सांगते.

काल बारसं झालं. रीतीप्रमाणं वरवंटा धुऊन, कुंची घालून पाळण्याशी ठेवला होता. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" करत बायका बाळाला पाळण्याखालून-वरून देत होत्या, तेवढ्यात थोरलीनं वरवंटा उचलला. चांगला जड आहे. आपल्या फ्रॉकात गुंडाळला, भिंतीला टेकून बसली आणि आत्याला म्हणाली, "याच्या कानात पण सांग." आत्यानं वाकून सांगितलं. काय नाव ठेवलं ते दोघी सांगत नाहीत.

रात्री तो तिच्या कुशीत होता. आज सकाळी शेंगदाण्याची चटणी मिक्सरमध्ये केली. सासूबाईंना अजिबात आवडली नाही, पण वरवंटा मागायला कुणी गेलं नाही. तो झोपलाय.