मुठेलाच्या डबीवर सशाचं चित्र छापायचं का?

मुठेलवाली, वेंगुर्ला
आमचा बचत गट रातांब्याच्या (कोकमाच्या) बियांचं मुठेल, म्हणजे घट्ट तेल, काढतो आणि त्यापासून ओठांचं नि टाचांच्या भेगांचं मलम बनवतो. पुण्याच्या एका दुकानदाराने मोठी ऑर्डर दिलीय, पण अट घातलीय: डबीवर सशाचं चित्र हवं आणि खाली 'प्राण्यांवर चाचणी नाही'. गटात यावरून दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारते.

माझं मत आधीच सांगून टाकते. औषधाचं मी समजू शकते, तिथे कुणाचा जीव वाचत असतो. पण ओठ मऊ व्हावेत म्हणून सशाच्या डोळ्यात रसायन घालायचं आणि डोळा किती सुजतो ते दिवसेंदिवस बघत बसायचं? ही ड्रेझ चाचणी १९४४ सालची. ससा घेतला कारण डोळा मोठा, पाणी कमी येतं आणि जनावर मुकाट. बरं, त्याला तिसरी पापणी असते, ती आपल्याला नाही. मग त्यावरून माझ्या डोळ्याचं नेमकं काय कळणार? आपल्याकडे मे २०१४ मध्ये प्रसाधनांच्या अशा चाचण्यांवर बंदी आली, नोव्हेंबरपासून तसा माल आयात करायलाही. म्हणजे आमचं वाक्य खोटं नाही. छापावं, असं मला वाटतं.

बांगडाप्रेमी, मालवण
ह्यां बरां हा गो बाय! सकाळी जित्यो कुर्ल्यो घेवन येतंस नि सांजेक सश्याची कीव करतंस?

मुठेलवाली
कुर्ली मी खाते, भाऊ. तिच्या डोळ्यात शांपू घालत नाही.

औषधवाला, रत्नागिरी
ताई, कायद्याने सगळ्यांनाच बंदी आहे, तर न करण्याची बढाई कसली? उद्या 'आमच्या मलमात अफू नाही' असंही छापाल.

आणि चाचण्या आल्या कशामुळे तेही बघा. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत पापण्यांचा एक रंग विकला जायचा, लॅश ल्यूर. त्यात पॅरा-फेनिलिनडायअमिन नावाचं रसायन होतं. बायकांचे डोळे गेले, एकीचा जीव गेला. विकण्याआधी काही तपासायची सक्तीच नव्हती. १९३८ चा तिथला औषधं-प्रसाधनांचा कायदा आला त्यामागे हेही एक कारण होतं. आज आपण बिनधास्त वापरतो त्यातल्या कितीतरी घटकांची माहिती सशांवर आणि गिनिपिगांवरच जमवलेली आहे. ती पुण्याई खायची आणि वर हात झटकायचे?

आता घरचं सांगतो. माझी आई काजूच्या कारखान्यात बी फोडायची. टरफलाचं तेल हातावर उतायचं, कातडी सोलून निघायची, राख चोळून पुन्हा कामाला. 'नैसर्गिक म्हणजे सुरक्षित' हे मला कुणी सांगू नये. गिऱ्हाईक मलम बोटभर लावतं. ज्या कारखान्यात तो घटक पिंपाने ओततात तिथल्या बाईचं काय? युरोपात प्रसाधनांसाठी चाचणीबंदी आहे, तरी कामगारांच्या सुरक्षेसाठी काही घटकांच्या प्राण्यांवरच्या चाचण्या रसायनांच्या कायद्याखाली अजून मागतात. ते उगीच नाही.

मुठेलवाली
आईंचं वाचून गप्प झाले. माझी मावशीही त्याच कामात होती. पण दादा, काजू उततो हे कळायला ससा लागला होता का? ते कोकणातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, कारखान्याच्या मालकालाही. आईंना हातमोजे मिळाले नाहीत. शंभर ससे मारून तरी ते मिळाले असते का?

औषधवाला
हे मान्य. पण नवीन रसायनाचं कुणालाच माहीत नसतं, तेव्हा काय?

प्रयोगशाळेतली, चिपळूण
त्वचेच्या जळजळीसाठी आता माणसाच्या पेशींपासून वाढवलेली कातडी वापरतात. डोळ्यासाठी कत्तलखान्यातून आणलेल्या गुरांच्या डोळ्यांचा पारदर्शक पडदा चालतो, त्यासाठी वेगळं जनावर मारावं लागत नाही. ऍलर्जीचाही अंदाज पेशींवरून बराच बांधता येतो. मात्र वर्षानुवर्षं वापरून गर्भावर, यकृतावर काय होईल, याला पूर्ण पर्याय अजून नाही. मी तरी चाचणीच्या विरोधातच आहे. जगात लिपस्टिकच्या रंगांची काय टंचाई आहे? ज्याची माहिती आधीच आहे, तेच वापरा.

जाता जाता, ताई, उड्या मारणाऱ्या सशाचं ते प्रसिद्ध चिन्ह एका संस्थेच्या मालकीचं आहे, मान्यता घेतल्याशिवाय छापता येत नाही.

बांगडाप्रेमी
मलमात मेण खंयचा?

मुठेलवाली
मधमाशीचं.

बांगडाप्रेमी
झाला! सश्याक सोडलंस नि माशीक धरलंस.

मुठेलवाली
माशीवर चाचणी केली नाही, एवढंच वाक्य सांगतं. पण टोमणा बसला. मेण आहे हे डबीवर ठळक लिहू.

दुकानदाराला आज कळवलं की चित्र नाही, नुसतं वाक्य. त्याखाली 'आधी मनगटावर लावून पाहा' हे मोठ्या अक्षरांत. मुठेल आमचं, मेण आंबोलीकडच्या ओळखीतल्या माणसाचं. राहिलं सुगंधी तेल, ते मुंबईहून येतं. त्यात काय काय आहे आणि ते कशावर तपासलं, हे व्यापाऱ्याला आठ दिवसांपूर्वी विचारलं. निळ्या खुणा दिसतायत, उत्तर नाही.