मावशीची रक्ततपासणी राहिली, ती कुणाच्या लक्षात यायला हवी होती?

सांजवात_७

माझी मावशी ६२ वर्षांची. बायपोलरसाठी (कधी टोकाचा उत्साह, कधी टोकाची उदासी असा आजार) अकरा वर्षं लिथियमवर आहे, आणि लिथियमनेच तिला माणसांत ठेवलंय. हे आधीच सांगते, उगाच कुणी औषधाला नावं ठेवायला नको. मागच्या एप्रिलमध्ये तिचा गुडघा धरला. हाडांच्या डॉक्टरांनी दहा दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या दिल्या. ऊन मरणाचं, आणि पाणी कमी पिणं ही तिची जुनी खोड. आठव्या दिवशी हात इतके थरथरायला लागले की चहाचा कप बशीत वाजत होता. आम्हाला वाटलं अशक्तपणा. दहाव्या दिवशी जीभ जड झाली, चालताना तोल जाऊ लागला. तपासलं तर रक्तातलं लिथियम २.३. काही वेदनाशामकांनी आणि पाणी कमी पडल्याने ते वाढतं, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. ते साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान असावं लागतं, दीडच्या वर गेलं की विषबाधेची भीती.

वाचली. पण नंतर तिची फाईल घेऊन बसले तर आधीची लिथियमची तपासणी थेट तीन वर्षांपूर्वीची! खरं तर ती दर तीन ते सहा महिन्यांनी करायची असते, शिवाय मूत्रपिंड आणि थायरॉईड. या तीन वर्षांत मावशीने एकही तारीख चुकवलेली नाही. प्रत्येक भेटीत पानावर एकच ओळ, 'तेच चालू'. डॉक्टर वाईट नव्हते. बाहेर साठ माणसं बसलेली असताना मागची पानं कोण उलटणार? आणि हाडांच्या डॉक्टरांना ती लिथियमवर आहे हेच ठाऊक नव्हतं, कारण तिने सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते तुम्हाला कळेलच.

माझं म्हणणं एवढंच की ही सगळी माहिती होती. तारखा, डोस, रिपोर्ट, सगळं कागदावर होतं, पण कुणी जोडून पाहिलं नाही. आपल्याकडे मानसोपचारात 'किती रुग्ण तपासले' हे मोजतात. त्यातले किती बरे झाले, किती मध्येच यायचे थांबले, लिथियमवरच्या किती जणांची पातळी तपासली, हे कुणी मोजत नाही.

मोजल्याने काय होतं त्याचं एक उदाहरण. मानसोपचार घेत असताना आत्महत्या केलेल्या रुग्णांची नोंद ब्रिटनमध्ये १९९६ पासून मँचेस्टर विद्यापीठात एके ठिकाणी ठेवली जाते. त्यातून दिसलं की रुग्णालयातून घरी सोडल्यानंतरचा पहिला आठवडा-पंधरवडा सर्वांत धोक्याचा, त्यातही दुसरा-तिसरा दिवस. आधी 'सात दिवसांच्या आत भेट' असा दंडक होता. तो इंग्लंडमध्ये ७२ तासांवर आणला. असल्या गोष्टी आपल्याकडे का होऊ नयेत? सगळ्या नोंदी डिजिटल करा, प्रत्येक रुग्णाच्या सरकारी आरोग्य-ओळख क्रमांकाला जोडा, चुकलेली तपासणी आपोआप लाल दिसू दे.

खुसपट

हाडांच्या डॉक्टरांनी 'दुसरी कुठली औषधं चालू आहेत का' हे विचारलं असतं तर काम झालं असतं. त्याला संगणक कशाला?

नीरगाठ

ताई, मावशी बऱ्या आहेत हे वाचून हायसं वाटलं. मी स्वतः बायपोलर आहे, नऊ वर्षं. आणि तुमच्या शेवटच्या वाक्याला माझा कडकडीत विरोध आहे.

तुमच्या मावशीने हाडांच्या डॉक्टरांना का सांगितलं नाही? मीही सांगत नाही. एकदा पोटात भयंकर दुखत होतं म्हणून रात्री एका दवाखान्यात गेलो. औषधांची यादी दिली. यादी वाचल्यावर त्या डॉक्टरांनी माझ्याशी बोलणंच सोडलं, बायकोला विचारलं, "यांना असं नेहमी होतं का?" अपेंडिक्स होतं. तेरा तास 'मनाचं' म्हणून बसवून ठेवलं. म्हणजे माहिती पोहोचली होती, आणि पोहोचली म्हणूनच उपचार बिघडले. सगळे दवाखाने जोडल्यावर ती यादी मी खिशात ठेवायची की काढायची हे ठरवायला मी कोण राहणार?

आणि फुटली तर? फिनलंडमध्ये वस्तामो नावाची समुपदेशन केंद्रांची साखळी होती. तिच्या नोंदी चोरीला गेल्या. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये हजारो रुग्णांना मेल आले, दोनशे युरो बिटकॉइनमध्ये टाका, नाहीतर तुम्ही समुपदेशकाला जे सांगितलंत ते सगळं जगजाहीर करू. तीस हजारांवर माणसं, त्यात अल्पवयीन मुलंसुद्धा. चोराला २०२४ मध्ये सहा वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली. ठीक. पण क्रेडिट कार्ड चोरीला गेलं तर नवं मिळतं, बापाबद्दल समुपदेशकाला सांगितलेलं परत कसं घेणार? आणि हे फिनलंड. आपल्याकडे लॅबचे रिपोर्ट व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर फिरतात.

माझ्या धाकट्या बहिणीचं स्थळ माझ्या आजारावरून मोडलं. तेही कुठल्याही सर्व्हरशिवाय, नुसत्या एका कंपाउंडरच्या तोंडामुळे.

दशांशचिन्ह

नीरगाठ, तुमचं दुःख खरं आहे, पण दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होतेय. मँचेस्टरच्या अभ्यासाचे अहवाल आकड्यांत येतात, नावांत नाही. दर्जा मोजायला बहुतेक वेळा नावाची गरजच नसते. 'लिथियमवरच्या शंभरांपैकी किती जणांची पातळी सहा महिन्यांत तपासली' या प्रश्नाच्या उत्तरात तुमचं नाव कुठेच येत नाही.

उलट आकडे नसल्याचा तोटा बघा. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मानसिक आजार असूनही उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण, आजार कोणता त्यानुसार, ७० ते ९२ टक्के निघालं. हा आकडा प्रत्येक भाषणात महाराष्ट्राचा म्हणून ठोकून देतात. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं होतं आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. दुसरीकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांत देशात सर्वाधिक आत्महत्या आपल्या राज्यात, २२,७४६. म्हणजे मेलेली माणसं आपण नीट मोजतो. ती जिवंत असताना दवाखान्यात आली होती का, आली असतील तर पुन्हा का आली नाहीत, याची कुठेच बेरीज नाही.

विदर्भात हे करूनही झालंय. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्प झाला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारासाठी कुणाकडे तरी गेलेल्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून दीड वर्षात २७.२ वर गेलं. आधी आणि नंतर मोजलं म्हणून हे कळलं.

नीरगाठ

'कुणाकडे तरी गेले' हा आकडा आहे, 'बरे झाले' हा नाही. तुमची मावशी, माफ करा, सांजवातताईंची मावशी, दर महिन्याला जातच होती की. त्या हिशोबात ती यशस्वी रुग्ण.

आणि 'नाव येत नाही' म्हणता, पण धाग्यात मागणी काय आहे ते पुन्हा वाचा. चुकलेली तपासणी लाल दिसायला हवी. कुणाची? नाव लागणारच. बेरजेला नाव लागत नसेल, मावशीला वाचवायला लागतं. मी काही बेरजेच्या विरोधात नाही.

दशांशचिन्ह

हा मुद्दा मान्य. 'कुणाकडे तरी गेले' बद्दलचाही.

लीड्सकर

मी इथे इंग्लंडमध्ये सरकारी समुपदेशन सेवेत काम करतो, त्यामुळे 'बरे झाले' कसं मोजतात ते रोज बघतो. ही सेवा २००८ मध्ये सुरू झाली आणि दर भेटीला प्रश्नावली हा तिचा कणा. नैराश्यासाठी नऊ प्रश्न, चिंतेसाठी सात. प्रत्येक रुग्ण, प्रत्येक भेट. आकडे उघड प्रसिद्ध होतात आणि 'निम्मे तरी बरे व्हावेत' असं लक्ष्य आहे.

आधी चांगलं सांगतो. एक गृहस्थ यायचे, हसतमुख, दर वेळी "मस्त चाललंय". नऊ प्रश्नांचा गुण मात्र तीन आठवड्यांत ९ वरून १७ (गुण जास्त म्हणजे त्रास जास्त). तोंडाने जे म्हणवत नव्हतं ते त्यांनी कागदावर खूण करून सांगितलं. प्रश्नावली नसती तर मी त्यांना "छान, चालू ठेवा" म्हणून पाठवलं असतं. अनुभवी माणसाला रुग्ण बिघडतोय हे आपोआप कळतं, यावर माझा विश्वास तेव्हा उडाला.

आता दुसरी बाजू. 'बरे झाले' हे प्रमाण काढताना किमान दोन भेटी झालेलेच धरतात. पहिल्या भेटीनंतर जो आलाच नाही तो त्या हिशोबात नसतोच. नैराश्याच्या प्रश्नावलीत १० ही आजाराची रेघ आहे. १० चा ९ झाला की माणूस रेघेच्या अलीकडे, २४ चा १२ झाला तर अजून पलीकडेच. यातल्या कुणाचं आयुष्य जास्त बदललं ते तुम्हीच सांगा. (म्हणून 'किती सुधारला' हेही वेगळं मोजतात, पण मथळ्यात जातो तो पहिला आकडा.)

लिथियमचं मात्र इथलं उत्तर मला आवडतं. देशभरातल्या पडताळणीत तपासण्या राहताहेत हे दिसल्यावर २००९ पासून लिथियम घेणाऱ्याला एक छोटी पुस्तिका देतात. रक्ताची पातळी, तारीख, डोस त्यात लिहायचं, आणि कोणत्या वेदनाशामकांपासून सांभाळायचं तेही त्यात आहे. पुस्तिका रुग्णाच्या पिशवीत. दाखवायची की नाही हे तोच ठरवतो.

नीरगाठ

ही पुस्तिका मी घ्यायला तयार आहे. आजच.

खुसपट

म्हणजे आमच्या आजीची डायबेटिसची वही!

लालपेन

मी मनोविकार विभागात परिचारक आहे, चौदा वर्षं. कुठे ते सोडा. वाचत होतो, आता राहवत नाही.

तुम्ही सगळे 'नोंदी' म्हणताय, त्या लिहितो कोण? आमच्याकडे एका ओपीडीच्या दिवसाला तीन वेगवेगळ्या ठिकाणी तेच आकडे भरावे लागतात. एक रजिस्टर, एक महिन्याचा तक्ता, एक ऑनलाइन. नेट गेलं की ऑनलाइनचं रात्री घरून. त्या वेळात मी चार नातेवाइकांना गोळ्या कशा द्यायच्या ते समजावलं असतं. आणि वर पाठवलेल्या आकड्यांतून खाली आजवर काही आलेलं नाही. 'तुमच्याकडे अमुक इतके रुग्ण गळाले, का?' असं एकदा जरी कुणी विचारलं असतं तर भरायला उत्साह आला असता. विचारतात ते एकच, तक्ता का उशिरा आला.

पण मी नोंदींच्या विरोधात नाही बरं का. माझी स्वतःची एक वही आहे. इंजेक्शनवाले आणि लिथियमवाले, बस एवढेच. ज्याची तारीख टळली त्याच्यासमोर लाल पेनाने फुली. शनिवारी दुपारी फोन. दहा फोन केले की पाच-सहा जण पुढच्या आठवड्यात येतात. ही वही ना जिल्ह्याला जाते ना दिल्लीला. कपाटात असते, किल्ली माझ्याकडे आणि सिस्टरकडे.

सांजवात_७

लालपेनदादा, मला हवं होतं ते हेच! फक्त तुमची बदली झाली की ती वही कुणाची? माझा डिजिटलचा हट्ट त्यासाठी आहे. चांगल्या माणसाच्या कपाटातली वही तो असेपर्यंतच चालते.

आणि नीरगाठ, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे, स्वतःच्या नोंदी मागण्याचाही आहे. कायदा तुमच्या बाजूने आहे.

नीरगाठ

कायदा २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. माझ्या बहिणीचं स्थळ त्यानंतर मोडलं. कंपाउंडरने काही कायदा वाचला नव्हता.

बदलीचं मात्र बरोबर आहे. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

पायवाट

मी गावातली आशा सेविका आहे. लिहायची सवय नाही, मुलगी टाइप करून देतेय.

तुमच्या नऊ प्रश्नांसारखेच प्रश्न आम्हाला घरोघरी विचारायला दिले होते. शेवटचा प्रश्न मरणाच्या विचाराचा. ओसरीवर बसून विचारायचा. सासू शेजारी तांदूळ निवडत असते, दीर मोटरसायकल पुसत असतो. बाई म्हणते, "नाही". मी 'नाही' वर खूण करते. आमच्या गावातले सगळे कागद 'नाही' आहेत.

एका बाईने तसंच 'नाही' सांगितलं. मी निघाले तर हंडा घेऊन पाण्याच्या निमित्ताने माझ्यामागे आली. विहिरीपर्यंत काही बोलली नाही. तिथे सगळं बोलली. मग मी तिला तालुक्याला घेऊन गेले, गोळ्या चालू झाल्या, आता बरी आहे. पण कागदावर 'नाही' च राहिलं. बदललं असतं तर घरी कळलं असतं.

तुम्ही त्या कागदांची बेरीज करणार असाल तर आमचं गाव लई सुखी निघेल.

दशांशचिन्ह

यावर काय लिहू? फॉर्ममध्ये 'एकांतात विचारलं की इतरांसमोर' असा एक रकाना तरी हवा. तेवढ्याने सुटेल असं म्हणत नाही.

लालपेन

पायवाटताई, आमच्या फोनचंही असंच आहे. केसपेपरवर जो नंबर असतो तो निम्म्या वेळा शेजाऱ्याचा, पोराचा, नाहीतर किराणा दुकानाचा.

सांजवात_७

मग दादा, फोन लागला की पहिलं वाक्य काय बोलता?

लालपेन

"औषधाची तारीख होती, म्हणून फोन केला." कुठलं औषध, कुठला विभाग, काही नाही. पलीकडून "कोण बोलतंय?" आलं तर "दवाखान्यातून." आणि आवाज अनोळखी वाटला तर शुगरची गोळी सांगतो. आमच्या वहीतल्या निम्म्या माणसांना गावात डायबेटिस आहे.