वार्षिक मेळाव्यात वनराई बंधारा: २२ मार्चला जमेल का?

नंदिनीकाठ:
गटाचा वार्षिक मेळावा यंदा २२ मार्चला, जलदिनी घ्यायचं घाटतंय. ऐंशीएक माणसं येतील. हारतुरे नाहीत, सकाळी श्रमदान, दुपारी हिशेब आणि पुढच्या वर्षाची आखणी. त्र्यंबक तालुक्यातल्या एका ओढ्यावर वनराई बंधारा, म्हणजे भरलेल्या गोण्यांचा तात्पुरता बांध, घालायचा विचार आहे. पात्र सहा मीटर रुंद, काठ मीटरभर उंच. गोण्या किती लागतील, एका सकाळीत उरकेल का? शिवाय नाशिकच्या नंदिनी नदीचं पाणी तिथेच तपासून दाखवायचं तर काय आणावं?

मुरूममाती:
मार्चमध्ये तो ओढा कोरडा असेल. वनराई बंधारा वाहतं पाणी अडवतो, म्हणजे पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. जलदिनाचा फलक जरूर लावा, पण काम आणि मेळावा दोन्ही अलीकडे ओढा.

मीटरभर काठाला बंधारा पाऊण मीटरच ठेवा. काठाच्या बरोबरीने नेलात तर पाणी बाजूने वाट काढतं आणि काठच कापून नेतं. सिमेंटची रिकामी गोणी माती-वाळूने दोन-तृतीयांश भरा, साधारण ३५ ते ४० किलो. गच्च भरलेली गोणी गोल राहते, थरात बसत नाही. तोंड दाभण-सुतळीने शिवा; नुसती गाठ मारली तर माल एका टोकाला सरकतो.

आता हिशेब. गोणीची लांबी प्रवाहाच्या दिशेने ठेवली की एका ओळीत तेरा बसतात. खालचे चार थर दुहेरी, वरचे तीन एकेरी: १४३. काठात घुसवायला आणि पुढच्या बाजूला मिळून तीसेक, फाटक्या-तुटक्या धरून दोनशे आणा. माल पावणेदोन ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) लागेल. तो बंधाऱ्याच्या वरच्या अंगाने पात्रातूनच काढा, साठाही वाढतो. काठ उकरू नका. युरियाच्या गोण्या नकोत, उरलेलं खत पाण्यात उतरतं.

फावडं, गोणी धरणारा आणि शिवणारा अशा तिघांच्या बारा टोळ्या करा, बाकीचे घमेली आणि गोण्या वाहायला. तीन तासांत भरून होतं. वेळ खातो तो पाया. गाळ-पालापाचोळा पार काढून कडक मुरूम लागेपर्यंत खणा, दोन्ही काठांत अर्धा मीटर आत घुसा. विटांसारखे सांधे मोडत थर लावा, सांध्यांत ओली काळी माती ठोसा. मधल्या दीड-दोन मीटरात एक थर कमी ठेवा, तोच सांडवा. पाणी पडतं तिथे मोठे दगड रचा, नाहीतर खाली खड्डा पडून बंधारा पुढे कलंडतो.

पाझर दिसला की लगेच घाबरू नका. खालून निघणारं पाणी निवळ असेल तर चालतं. गढूळ झालं की माती वाहतेय, त्याच दिवशी वरच्या अंगाने काळी माती टाकून दाबा.

पाणनमुना:
नंदिनीसाठी एकटं टीडीएस मीटर आणलंत तर लोक चुकीचं शिकून जातील. ते विरघळलेले क्षार मोजतं, सांडपाणी नाही. आकडा बरा आला की पाणी बरं, असा समज होतो.

त्यापेक्षा विरघळलेल्या प्राणवायूची बाटली दाखवा. बाटली पाण्याखाली हळूच भरून बुडबुडा न राहता बंद करायची. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइडचे थेंब. प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढराच राहतो. एक बाटली गंगापूर धरणाच्या पाण्याची, एक नंदिनीची, शेजारी-शेजारी ठेवा. नमुना पहाटे घ्या. शेवाळ असलेल्या पाण्यात दुपारी प्राणवायू चढलेला दिसतो. आंघोळीच्या पाण्याला लिटरला किमान ५ मिलिग्रॅम हवा, पण आकडा काढायला पुढे आम्ल घालून टायट्रेशन, म्हणजे थेंब-थेंब रसायन घालून मोजणी, करावी लागते. ती हातमोजे घालून एकानेच करावी, उरलेलं रसायन नदीत ओतू नये. हायड्रोजन सल्फाइडची बाटली (पाण्यात मैल्याचे जंतू असले की काळी पडते) गावच्या विहिरीसाठी ठेवा. नंदिनीत ती काळी होणारच, नवं काही कळत नाही.

नंदिनीकाठ:
मेळावा नोव्हेंबरात नेतोय. वरच्या अंगाला प्लास्टिकचा कागद घालावा का? परवानगी कोणाची?

मुरूममाती:
कागद घातला तर त्याची खालची कड पायाच्या चरात पुरायला हवी, नुसता टांगलेला कागद फडफडून फाटतो. काळी माती नीट ठोसली असेल तर मी तो टाळेन. ग्रामपंचायतीचं लेखी घ्या, वनहद्द असेल तर वनविभागाचंही. खालच्या शेतकऱ्यांशी आधी बोला, नाहीतर आठवड्यात कोणीतरी मधल्या गोण्या ओढेल, आणि त्यांचंही चूक नसेल.

गोण्या उन्हात विरतात, म्हणून वरून मातीचा थर द्या. मेअखेरीस वीस माणसं परत लागतील: गोण्या उसवून माल काठावर, रिकाम्या गोण्या मोजून परत. त्या वीस जणांची नावं मेळाव्यातच लिहून घ्या, जूनमध्ये फोन कोणी उचलत नाही.