हैतीचं कर्ज आणि हैतीचे हुकूमशहा : दोष कुणाच्या पदरात?

माधुकरी (धागाकर्ती)

१७ एप्रिल १८२५ रोजी फ्रान्सचा राजा दहावा शार्ल याने एक फर्मान काढलं. हैती या कॅरिबियनमधल्या आपल्या जुन्या वसाहतीचं स्वातंत्र्य मान्य, पण फ्रेंच मळेवाल्यांच्या नुकसानभरपाईपोटी हैतीने १५ कोटी फ्रँक पाच हप्त्यांत द्यायचे. नुकसान कशाचं, तर जमिनीचं आणि गुलामांचं. ज्यांना बाजारात विकलं, उसाच्या मळ्यात मरेस्तोवर राबवलं, त्यांनीच आपली किंमत मालकाला चुकती करायची! तीसुद्धा नेपोलियनच्या फौजेला हरवून १८०४ मध्ये स्वतंत्र झाल्यानंतर एकवीस वर्षांनी. फर्मान घेऊन राजाचा दूत बॅरन द माको हैतीच्या राजधानीत, पोर्ट-ओ-प्रिन्सला आला तेव्हा त्याच्या पाठीशी १४ युद्धनौका आणि पाचशेच्या आसपास तोफा होत्या. हैतीचे राष्ट्राध्यक्ष बॉये यांनी मान तुकवली.

पहिला हप्ता ३ कोटींचा. तेवढे पैसे तिजोरीत नव्हते, म्हणून पॅरिसच्याच सावकारांकडून ३ कोटींचं कर्ज काढलं. त्यांनी ६० लाख आधीच कापून घेतले आणि हातात टेकवले २ कोटी ४० लाख. व्याज मात्र पूर्ण रकमेवर. १८३८ मध्ये उरलेली भरपाई निम्म्यावर आणली, तरी एकूण ९ कोटी झालेच. जुनं फेडायला नवं कर्ज, असं करत शेवटची देणी फिटायला १९४७ उजाडलं, आणि तोवर ती न्यूयॉर्कच्या बँकेकडे गेली होती.

हे पैसे कुठून आले ते बघा. डोंगरउतारावरचा शेतकरी कॉफीची फळं खुडणार, वाळवणार, गाढवावर लादून अडत्याकडे नेणार. अडत्या जो भाव देई त्यातून निर्यातकर आधीच वजा झालेला असे. १९११ साली कॉफीकराच्या दर ३ डॉलरमधले २.५३ डॉलर फ्रेंच गुंतवणूकदारांची देणी फेडण्यात गेले. शाळा, रस्ते, दवाखाने उरलेल्या ४७ सेंटांत बसवा.

१७ एप्रिल २०२५ ला फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ यांनी दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा आयोग जाहीर केला. पैसे परत करण्याबद्दल शब्द नाही. माझं म्हणणं स्पष्ट आहे : फ्रान्सने हे पैसे परत द्यायला हवेत. तुम्हाला काय वाटतं?

चौकस

१८२५ चं फर्मान ही दरोडेखोरी होती, यावर वाद नाही. पण धाग्याचा सूर असा आहे की हैतीचं सगळं वाटोळं फ्रान्सने केलं. त्याला माझा विरोध आहे.

फर्मानाच्या आधीचं बघा. तूसाँ लूव्हर्तूर हा गुलामांच्या उठावाचा नेता, पण त्याने मुक्त झालेल्या लोकांना सक्तीने पुन्हा मळ्यांवर जुंपलं आणि पाळतीला सैन्य ठेवलं. स्वातंत्र्यानंतर हैतीच्या उत्तरेत क्रिस्तोफ स्वतःला राजा म्हणवून घेत होता. डोंगरमाथ्यावरचा त्याचा अवाढव्य किल्ला सक्तीच्या मजुरीतून उभा राहिला. फर्मानानंतर लगेच, १८२६ मध्ये बॉये यांनी शेतमजुराला जमिनीला बांधून टाकणारा कायदा केला. हे सगळे स्वकीय होते.

पुढे दुव्हालिए बापलेक, हैतीचे हुकूमशहा. बाप १९५७ मध्ये निवडून आला आणि १९६४ मध्ये तहहयात राष्ट्राध्यक्ष झाला. त्याच्या तोंतों माकूत या सशस्त्र टोळ्यांनी हजारो माणसं मारली. १९७१ मध्ये १९ वर्षांचा मुलगा गादीवर. शेजारचा डॉमिनिकन देश त्याच बेटावर आहे. १९६० च्या सुमारास दोघांचं दरडोई उत्पन्न जवळपास सारखं होतं. आज जमीनअस्मानाचा फरक आहे. १९४७ ला कर्ज फिटलं होतं ना? मग १९६० नंतरची घसरण कुणाच्या खात्यावर लिहायची?

माधुकरी

@चौकस, डॉमिनिकन देशातही १९३० ते १९६१ त्रुहियोची हुकूमशाही होती. १९३७ मध्ये त्याने सीमेवर हजारो हैतियन माणसांची कत्तल घडवली. मग केवळ जुलमी राज्यकर्ता एवढ्यानं हैतीचं कोडं सुटत नाही.

तूसाँ, क्रिस्तोफ यांची सक्ती मी नाकारत नाही. ज्याच्या पाठीवर वळ उठले त्याला मारणारा गोरा की काळा याने काय फरक पडतो? पण त्या किल्ल्याच्या तोफा कुणासाठी होत्या तेही सांगा. फ्रान्स परत येईल आणि पुन्हा गुलाम करेल, ही भीती काल्पनिक नव्हती. ग्वादलूप बेटावर नेपोलियनने १८०२ मध्ये गुलामी परत आणून दाखवली होती.

आणि सत्तेच्या गैरवापराचा कर्जाशी थेट संबंध आहे. शंभर वर्षं या राज्यसंस्थेला एकच काम होतं : बंदरावरच्या जकातीच्या नाक्यावर बसायचं, कॉफीवर कर घ्यायचा आणि सावकाराला पाठवायचा. लोकांशी संबंध फक्त वसुलीचा. अशा देशात ज्याच्या हाती जकात त्याच्या हाती देश, म्हणून बंडामागून बंडं. १९१४ च्या डिसेंबरात अमेरिकन नौसैनिकांनी राष्ट्रीय बँकेतलं ५ लाख डॉलरचं सोनं उचलून न्यूयॉर्कला नेलं आणि पुढच्याच वर्षी देश ताब्यात घेतला. १९ वर्षं राहिले. जकातीचा कारभार त्यांनीही हातात ठेवला. जाताना मागे राहिलं ते त्यांनी घडवलेलं लष्कर. दुव्हालिए या वाटेवरून आला.

तुमच्या धाकट्या दुव्हालिएचं पुढे काय झालं? फेब्रुवारी १९८६ मध्ये अमेरिकी विमानातून पळाला तो थेट फ्रान्सला. तिथे पंचवीस वर्षं राहिला. हैतीचा पैसा खाणाऱ्याला आसरा देणाऱ्या देशाला निदान हा प्रश्न तरी विचारायचा की नाही?

गोदाकाठ

दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट निसटते आहे. वर्णभेद फक्त पॅरिसमध्ये नव्हता. उठावाच्या आधीच त्या वसाहतीत गोरा मालक आणि काळी गुलाम स्त्री यांच्या संततीतून मिश्रवर्णीयांचा वर्ग तयार झाला होता. त्यांतले कित्येक स्वतः जमीनदार आणि गुलामांचे मालक होते. स्वातंत्र्यानंतर व्यापार आणि फ्रेंच शिक्षण बऱ्याच अंशी त्यांच्याकडे राहिलं. बॉये त्यांतलेच. दुव्हालिएने नेमकं याच रागाचं राजकारण केलं. काळ्या बहुजनांचा कैवारी म्हणून आला आणि मारली ती मुख्यतः काळी माणसंच.

कोर्टकचेरी फ्रेंचमध्ये, शाळा फ्रेंचमध्ये, आणि देश बोलतो क्रेओल ही लोकभाषा. क्रेओलला फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषेचा दर्जा मिळाला तो १९८७ च्या घटनेत. आपल्या मुलाला शाळेत काय शिकवतात ते शेतकरी आईबापांना कळू नये, अशी ही व्यवस्था. या जखमेवर पैसे परत मिळून औषध होईल का, याबद्दल मला शंका आहे. निम्मं उत्तर हैतीच्याच उच्चभ्रूंकडून यायला हवं.

पोर्ट लुईसकर

नोकरीनिमित्त मॉरिशसमध्ये राहतो, म्हणून थोडं इथलं. इथे गुलामी संपली १ फेब्रुवारी १८३५ ला. ब्रिटिश सरकारने सगळ्या वसाहतींतल्या गुलाममालकांना मिळून २ कोटी पौंड भरपाई दिली, त्यात इथलेही मळेवाले होते. गुलामांना एक पैही नाही. त्या भरपाईसाठी काढलेलं कर्ज ब्रिटिश करदात्यांनी २०१५ पर्यंत फेडलं. म्हणजे 'फार जुनी गोष्ट झाली' हा मुद्दा इथेच निकालात निघतो.

गुलाम गेल्यावर मळ्यांना माणसं हवी होती. ती हिंदुस्थानातून करारावर आणली. त्यांत रत्नागिरीकडची मराठी माणसंही होती, आणि त्यांचे वंशज आजही इथे गणेशोत्सव करतात. आपल्या लोकांनीही हाल सोसले. पण काही पिढ्यांनी बऱ्याच जणांच्या नावावर जमिनीचा तुकडा आला. गुलामांच्या वंशजांचं तसं झालं नाही, आणि इथली क्रेओल, म्हणजे गुलामांच्या वंशजांची, वस्ती बघताना ते दिसतं. २०११ मध्ये सत्य आणि न्याय आयोगाचा अहवाल आला, त्यात जमीन हिरावली गेल्याच्या तक्रारींचा ढीग होता. अहवाल येऊनही पुढे फार काही हललं नाही. म्हणून मॅक्राँ यांच्या आयोगाकडून मला आशा कमीच आहे.

वाटसरू

तत्त्व मान्य. पण पैसे द्यायचे कुणाच्या हातात? २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांचा त्यांच्याच घरात खून झाला. राजधानीचा मोठा भाग टोळ्यांच्या ताब्यात आहे. आज अब्जावधी डॉलर पाठवले तर ते बंदुकांत जातील. धागाकर्तीने याचं उत्तर द्यावं.

माधुकरी

@वाटसरू, प्रश्न रास्त आहे. पण 'सरकार भ्रष्ट आहे, त्याला वगळा' हा प्रयोग २०१० च्या भूकंपानंतर होऊन गेला. तातडीच्या मदतीतला एक टक्काही थेट हैती सरकारच्या हातात गेला नाही. सगळं परदेशी संस्था आणि कंत्राटदारांमार्फत. त्यातून राज्ययंत्रणा आणखी पोकळ झाली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या छावणीतून नदीत कॉलरा गेला आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा हजार माणसं मेली. म्हणजे परक्याच्या हातात पैसा सुरक्षित राहतो, हेही खरं नाही.

माझ्या मते रक्कम आधी मान्य व्हावी, फ्रान्सच्या संसदेत, कायद्याने. द्यायची पद्धत नंतर ठरू द्या : वीसतीस वर्षांत, क्रेओल शाळांना, पाणीपुरवठ्याला, हिशेब जाहीर. कर्जदार दारूडा आहे म्हणून सावकार पैसे सोडत नाही. मग घेणेकरी गरीब आणि बेशिस्त आहे म्हणून देणं कसं बुडतं?

चौकस

रक्कम मान्य करा म्हणता. २००३ मध्ये हैतीचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष आरिस्तीदने फ्रान्सकडे २१ अब्ज डॉलरहून जास्त मागितले होते, शेवटच्या सेंटपर्यंत आकडा काढून. २००४ मध्ये हैतीच्याच पुढच्या सरकारने ती मागणी सोडून दिली. जिथे वारसदारच दावा मागे घेतो, तिथे आपण कोण?

माधुकरी

ते सरकार कुणी निवडून दिलं होतं? फेब्रुवारी २००४ मध्ये आरिस्तीदला अमेरिकी विमानात बसवून देशाबाहेर नेलं, फ्रान्सने आधीच त्याला पायउतार व्हायला सांगितलं होतं, आणि मागणी सोडली ती त्यानंतर नेमलेल्या हंगामी सरकारने. मतदान झालंच नव्हतं. आरिस्तीदच्या कारभारावर तुम्ही हवी तेवढी टीका करा, त्यातली बरीच मलाही पटेल. पण कॉफी पिकवणाऱ्या त्या माणसांच्या नातवंडांना या दाव्याबद्दल कुणी, कधी विचारलं आहे का, एवढं मला दाखवा.

चौकस

विचारलेलं नाही. पण मग पहिली मागणी निवडणुकीची हवी, पैशांची नंतर. यावर मी ठाम आहे.