जंताची गोळी दिली तरी वजन जागेवरच, असं का?

अंगणवाडीताई_उत्तरनागपूर
आमच्या वस्तीत 3 ते 5 वर्षांच्या मुलांना फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या मोहिमेत अल्बेंडाझोल 400 मिलिग्रॅम समोर चावून खायला लावलं. तरी काही पोट्ट्यांचं वजन तीन-तीन महिने हलत नाही, खालची पापणी ओढून पाहिली तर आतून पांढुरकी दिसते. आया म्हणतात, दर महिन्याला गोळी द्या. जंत नेमकं काय खातात? गोळीनंतर वजन किती वाढायला पाहिजे?

पोषण_सल्ला
ताई, दर महिन्याला नको. गोळी त्या दिवशी पोटात असलेले जंत मारते, पुढच्या लागणीपासून वाचवत नाही.

प्रत्येक जंताचं काम वेगळं. गोलकृमी लहान आतड्यात राहतो, भूक मारतो, स्निग्ध पदार्थ आणि अ जीवनसत्त्वाचं शोषण बिघडवतो. अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त पितो. त्याच्या मोठ्या जातीचा एक कृमी दिवसाला 0.2 मिलीपर्यंत रक्त घालवतो, म्हणजे 50 कृमी असले तर रोज 10 मिली. एवढ्या रक्तातलं लोह लहान मूल जेवणातून भरून काढू शकत नाही. चाबूककृमी मोठ्या आतड्याला सूज आणतो. त्यात आव पडते, फार वाढला तर शीच्या जागेतून अंगही बाहेर येतं, आणि नेमकं त्याच्यावरच एका गोळीचा असर कमी होतो. सुतकृमीने रात्री खाज सुटते, झोप मोडते, वाढीवर मात्र फारसा परिणाम नाही.

या वयात वजन वर्षाला साधारण 2 किलो, म्हणजे महिन्याला 150 ते 200 ग्रॅम वाढतं. ज्याच्या पोटात खरंच भरपूर जंत होते त्याचं गोळीनंतर यापेक्षा जास्त वाढू शकतं, पण ते वाढायला ताटात काहीतरी पडलं पाहिजे. वरणभातावर चमचाभर तेल, शेंगदाण्याचा कूट, अंडं हे त्याच महिन्यांत सुरू करा. वजनाचा काटा एकच ठेवा आणि अंगावर कमीत कमी कपडे. स्वेटरसकट घेतलेल्या वजनाने हिवाळ्यात हमखास फसगत होते.

प्रयोगशाळा_दादा
वजन अडलंय त्या मुलांची शौच तपासणी करून घ्या. रुंद तोंडाची कोरडी डबी, त्यात लघवी किंवा पाणी मिसळू द्यायचं नाही. एकाच नमुन्यात जंतांची अंडी नजरेतून सुटू शकतात, म्हणून एक दिवसाआड तीन नमुने द्या. गोळीचा असर पाहायचा तर दोन-तीन आठवड्यांनी तपासा. तेव्हा अंडी नाहीत आणि तीन महिन्यांनी दिसली, तर बहुतेक नवी लागण आहे. सुतकृमीची अंडी शौचात क्वचितच सापडतात. त्यासाठी सकाळी उठल्याबरोबर, शी-अंघोळीच्या आधी, गुदद्वाराला पारदर्शक चिकटपट्टी लावून ती काचेवर चिकटवतात.

नवी लागण येते मातीतून. गोलकृमीची अंडी ओल्या मातीत दोन ते चार आठवड्यांत लागण करण्याजोगी होतात आणि अनेक महिने टिकतात. पाण्यात टाकतो त्या क्लोरीनने किंवा मिठाच्या पाण्याने ती मरत नाहीत. म्हणून सांभार (कोथिंबीर), पालक, मुळा वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. माती निघाली पाहिजे. पाणी उकळून द्या, नखं दर आठवड्याला कापा. अंकुशकृमी मात्र तळपायाच्या कातडीतून शिरतो. उघड्यावर शौचाला जातात तिथे चपलेशिवाय पाठवू नका.

अंगणवाडीताई_उत्तरनागपूर
दीड वर्षाच्या मुलीला अर्धी गोळीच ना? आणि पांढुरक्या मुलांना लोहाचं सिरप वाढवून देऊ का?

पोषण_सल्ला
हो, 1 ते 2 वर्षांपर्यंत 200 मिलिग्रॅम, दोन चमच्यांमध्ये बारीक करून पाण्यातून. अख्खा तुकडा घशात अडकू शकतो. ताप असेल तर त्या दिवशी थांबा. पूर्वी झटके आलेले असतील तर डॉक्टरांना विचारूनच. पोट फुगलंय, उलट्या होताहेत, शी आणि वारा दोन्ही बंद आहे, अशा मुलाला गोळी न देता लगेच नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यात न्या. जंतांचा गोळा आतड्यात अडकलेला असू शकतो.

सिरप वाढवू नका. 5 वर्षांखाली आठवड्यातून दोनदा 1 मिली, तेवढंच. चहा-दुधासोबत नाही. आधी हिमोग्लोबिन बघा. 5 वर्षांखाली 11 पेक्षा कमी म्हणजे पंडुरोग, अंगात रक्त कमी. आपल्या विदर्भात पांढुरकं मूल दिसलं की जंतांवर सगळं ढकलून मोकळं होता येत नाही, सिकलसेलची (आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार) सोल्युबिलिटी ही प्राथमिक रक्तचाचणी करायलाच हवी. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे मूल वाहक आहे की आजारी हे सांगणारी पुढची चाचणी. एएस म्हणजे वाहक मुलाला लोह नेहमीसारखं चालतं. एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार, निघाला तर फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) बघून डॉक्टर सांगतील तेव्हाच, कारण त्या मुलांच्या अंगात कधीकधी लोह आधीच जास्त साठलेलं असतं.